भेगेच्या दोन्ही अंगांना

कपिलतीर्थ मंडईत वांगी निवडताना मागून कुणीतरी "मॅडम!" अशी हाक मारली. आवाजात आनंद होता, म्हणून संघप्रिया दचकली. तिच्या बाबतीत कुणाला आनंद व्हावा असं अलीकडे काही घडलेलं नव्हतं. वळून पाहिलं तर तेजस्वी. तिची पूर्वीची विद्यार्थिनी, भूगर्भशास्त्र घेऊन पदवीधर झालेली आणि आता एका स्थानिक वाहिनीसाठी गावोगावच्या बातम्या करत हिंडणारी. "मॅडम, काल तुमच्या गावच्या सभेला गेलतो मी," ती म्हणाली. "सरांनी तुमचं नाव घेतलं की! भर सभेत. म्हणाले, वस्तीच्या विहिरीत जे निघालंय त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लाखो वर्षांपूर्वी जमिनीतल्या गरम पाण्यानं इथला दगड असा बदललाय, आणि हे मी नाही सांगत, याच गावची लेक, माझी विद्यार्थिनी संघप्रिया हिनं तिच्या प्रबंधात सिद्ध केलंय. लई टाळ्या पडल्या मॅडम." भाजीवाली म्हणाली, "बाई, घेताय न्हवं वांगी?" संघप्रियाने हातातलं वांगं खाली ठेवलं. ते दाबलं जाऊन त्याला तिच्या अंगठ्याचा खड्डा पडला होता. भाजीवालीनं तो पाहिला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. "सरांनीच सांगितलं का हे? गणपतराव सरांनी?" तिने विचारलं. तेजस्वीचा चेहरा उतरला. आपण चांगली बातमी आणली की वाईट, हे तिला कळेना.

संघप्रिया बिंदू चौकाकडे चालत निघाली तेव्हा तिचे कान तापले होते. तिला राग नेहमी आधी कानांत कळायचा, मग दातांत. डोक्यापर्यंत तो पोचेस्तोवर बहुतेक वेळा ती शांत झालेली असायची आणि लोक म्हणायचे, संघप्रिया मॅडम किती समजूतदार. आज तो वाटेत कुठे थांबला नाही. परवाच सर फोनवर म्हणाले होते, "सभेला तू येऊ नकोस. तुझं माहेरचं गाव, तुझीच वस्ती. लोक म्हणतील, ही आपल्या माणसांची बाजू घेते. मी जातो. माझ्यावर तसा कुणाचा आक्षेप यायचा नाही." तिला ते पटलं होतं. पटलं होतं इतकंच नाही, तर बरं वाटलं होतं. इतक्या वयाचा माणूस उन्हात आपल्या वस्तीसाठी जातोय म्हणून तिने फोन ठेवल्यावर डोळे पुसले होते. ते आठवून तिला रस्त्यातच स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. रिक्षावाला हॉर्न वाजवत अंगावरून गेला. "ओ बाई, बघून की!" म्हणाला. ती ओरडली, "तूच बघ!" आणि आपल्या आवाजाने तिलाच नवल वाटलं.

हातकणंगल्याच्या पलीकडे तिचं गाव, गावाच्या उताराला त्यांची वस्ती, वस्तीत विहार आणि विहाराच्या मागे विहीर. यंदा पाणी तळाला गेलं म्हणून वस्तीने विहीर खोल करायला काढली. सुरुंग लावले, काठावरच्या यारीच्या दोराने दगड ओढून वर यायला लागले. तिचा चुलत भाऊ आकाराम खाली उतरून दगडांनी बुट्ट्या, टोपल्या भरायचा. एका दुपारी तो वर आला तो पाय धरूनच. पावलांची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटत होती. आई फोनवर म्हणाली, "पाणी आंबट हाय ग. आन कोमट. खालनं कुनीतरी चूल पेटवल्यागत." गावातले लोक म्हणाले, वस्तीतल्यांनीच काहीतरी टाकलं असणार विहिरीत. मग ती गेली. वर काढलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यात ती तास न् तास उकिडवी बसली, हातोडीने एकेक फोडत, आणि तिला जे दिसलं ते तिने आजवर कुठल्याच काळ्या पाषाणात पाहिलं नव्हतं.

हा दगड तिला तळहातासारखा माहीत होता. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे कितीतरी काळ खालचं गरम पाणी बारीक भेगांमधून हिंडत राहिलं. या जागचं थोडं विरघळवून घेऊन गेलं, त्या जागी थोडं ठेवून आलं. पोकळ्या हळूहळू भरल्या, पांढऱ्या, गुलाबी स्फटिकांनी, झिओलाइटने, कॅल्साइटने. सर पहिल्या वर्षाला सांगायचे, "दगड वितळत नाही, फुटत नाही. उभा आहे तसा उभा असतो आणि आतलं एकेक द्रव्य निघून जातं, दुसरं येऊन बसतं. याला म्हणायचं मेटासोमॅटिझम. नाव अवघड आहे, पण गोष्ट फार सोपी आणि फार निवांत आहे." निवांत हा शब्द त्यांचा. तिने पुढे या जिल्ह्यातल्या गरम पाण्यानं बदललेल्या दगडावरच प्रबंध केला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते रंग पाहताना तिला खरंच निवांत वाटायचं. विहिरीतल्या दगडात मात्र उलटं घडलं होतं. एका भेगेच्या दोन्ही अंगांना बोटभर पट्टा पांढरा फटक पडला होता, खडूसारखा, आणि त्या पट्ट्यातल्या पोकळ्या रिकाम्या होत्या. कुणीतरी खरवडून खाल्ल्यासारख्या. कडेच्या झिओलाइटची बुळबुळीत लापशी झाली होती. कॅल्साइट तर औषधालाही उरलं नव्हतं. त्याच्या जागी बारीक, केसासारख्या सुया होत्या, नखानं भुगा होणाऱ्या. बोटभर पट्टा संपला की दगड पुन्हा काळा, ताजा, भरलेला. भरायला लाखो वर्षं लागतात. हे रिकामं झालं होतं दोन-तीन वर्षांत, आणि गरम ॲसिडने. विहिरीच्या वरच्या अंगाला माळावर उदयसिंहांचा कारखाना होता. लोखंडी पत्र्यांना जस्ताचा थर द्यायचा, आणि त्याआधी गंज उतरवायला पत्रे गरम सल्फ्युरिक ॲसिडच्या टाक्यांत बुडवायचे. वापरलेलं ॲसिड न्यायला पूर्वी टँकर यायचे. ते यायचे बंद झालेत, हे वस्तीतली पोरंसोरंही सांगत होती. कुठे जात होतं मग ते?

तो दगड घेऊन ती सरळ सरांकडे गेली होती. दुसरीकडे कुठे जाणार? सरांनी तो खिडकीशी नेला, भिंग लावलं, नखाने एक सुई खरवडली, भुगा दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, "जिप्सम." मग दगड उलटसुलट करून पुन्हा पुन्हा पाहत राहिले. तिला वाटलं होतं की तिच्याइतकाच त्यांनाही धक्का बसलाय. कॅल्साइटवर गंधकाचं ॲसिड पडलं की जिप्सम होतं, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. जिप्सम, ज्याचं प्लास्टर करतात ते, पाण्यात हळूहळू विरघळून जाणारं. पाझरत्या विहिरीत ते काही वर्षंसुद्धा टिकणार नाही, मग लाखो वर्षांची बात कशाला! "दगड राहू दे माझ्याकडे," सर म्हणाले होते. आणि तिने राहू दिला. निम्मा. उरलेला तिच्याकडे होता, आणि तो का ठेवून घेतला होता ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. निव्वळ सवयीने, नमुन्याचे दोन भाग करायची सवयही सरांचीच.

घरी न जाता ती रिक्षा करून ताराबाई पार्कात गेली. वाटेत तिला कॉलेजचा पहिला आठवडा आठवत राहिला, आणि नको तेव्हा आठवतोय म्हणून आणखी संताप होत राहिला. वर्गात ती उभी राहून म्हणाली होती, "सर, मी एक विचारतो." त्यांच्या गावाकडे बायका असंच बोलतात, मी जातो, मी येतो. तिच्या आईने उभ्या आयुष्यात 'मी आले' म्हटलेलं नाही. वर्ग फिस्सकन हसला होता. सर हसले नव्हते. तास संपल्यावर बोलावून म्हणाले, "प्रश्न उत्तम होता. पण 'विचारते' म्हणायचं. उद्या परिषदांमधे बोलायचंय तुला." ते तिला परिषदेत नेणार आहेत, या एका वाक्यावर ती कितीतरी महिने जगली. आणि त्यांनी नेलंही. तिची फी थकली तेव्हा स्वतः प्राचार्यांशी भांडले. सहलीत तिच्या डब्यातली भाकरी सगळ्यांसमोर मोडून खाल्ली. ती भाकरी ते ज्या पद्धतीने मोडायचे, जरा वर धरून, सगळ्यांना दिसेल अशी, ते तिला तेव्हाही खटकलं होतं आणि खटकलं म्हणून तिने स्वतःला कृतघ्न म्हटलं होतं. बाहेरचे पाहुणे आले की म्हणायचे, "ही आमची संघप्रिया. कुठून कुठे आली बघा." ती नमस्कार करायची. कुठून ते कुणी विचारायचं नाही, सगळ्यांना कळलेलं असायचं. दगडाची उपमा करून त्यात स्वतःला बघायची खोड तिला नव्हती. विद्यार्थ्यांनी तसं काही लिहिलं की ती लाल रेघ मारायची. पण त्या रिक्षात, दसरा चौकाच्या सिग्नलला, तिच्या मनात आलं की आपल्यातलं काय काय कुणी नेलं आणि कोणत्या जागी काय आणून ठेवलं, हे आता आपल्यालाही सांगता यायचं नाही. तिने तो विचार डोक्यातून झटकला. ही वेळ तसले विचार करायची नव्हती. आकारामच्या पायांच्या पट्ट्या रोज बदलत होते.

सरांच्या दारात चपला काढताना तिला घरभर दगडांचा तो ओळखीचा कोरडा वास आला. हॉलमधे, जिन्याखाली, पलंगांच्या खाली खोक्यांतून सरांनी आयुष्यभर जमवलेले स्फटिक होते. सरांच्या पत्नी गेल्यापासून ते स्वयंपाकघरातही शिरले होते. सर आरामखुर्चीत होते. "ये. मला वाटलंच होतं तू येशील," म्हणाले. "बस. चहा घे."

"सर, काल तुम्ही माझं नाव घेतलंत."

"घेतलं. अभिमानानं घेतलं."

"माझ्या प्रबंधात भरलेल्या पोकळ्या आहेत. या रिकाम्या झालेल्या आहेत. तुम्हाला फरक कळत नाही असं मी समजू?"

"खनिजांच्या बाबतीत इतकं छातीठोक बोलू नये, संघप्रिया. गरम पाणी कधी भरतं, कधी नेतं. दोन्ही बदलच."

"जिप्सम आहे त्यात. तुम्ही नखानं खरवडलंत, या इथं, या खिडकीशी. तुम्ही म्हणालात जिप्सम."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला. "मी स्टिल्बाइट म्हणालो असेन," ते म्हणाले.

तिला वाटलं होतं की या घरात आल्यावर आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिने समोरच्या कपाटाकडे पाहिलं. त्यात मोरपंखी रंगाचा एक मोठा स्फटिकांचा गुच्छ होता, तो तिने आणि सरांनी मिळून एका खाणीतून सोडवला होता. दिवसभर ब्रशने माती काढत होते दोघं, आणि संध्याकाळी सर लहान मुलासारखे हसले होते. हाच माणूस. नखाखाली भुगा झालेली गोष्ट स्टिल्बाइट, म्हणजे पोकळ्यांत लाखो वर्षं टिकणारा झिओलाइट, नसते हे झोपेतही सांगू शकेल असा माणूस खोटं बोलत होता आणि त्याचा आवाजही हलत नव्हता. सर मग सांगू लागले, तिने न विचारता. उदयसिंहांनी शिरोलीच्या रस्त्याला जागा काढलीय. दगडांचं संग्रहालय होणार. हे सगळं नीट, काचेच्या कपाटांतून, दिव्यांखाली. पोरांना अमेरिकेत यातला एक खडा नको आहे. "मी गेल्यावर हे भंगारात जाईल, संघप्रिया. घरं पाडणारे लोक भरावात टाकतील. तुला कळतंय का मी काय म्हणतोय? आणि प्रमुख तूच व्हायचंस. मी तसं सांगून ठेवलंय. दुसरं आहे कोण मला?" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खरं होतं, हेच तिला सहन होईना. "आणि वस्तीचं म्हणशील तर उदयसिंह नळ देणार आहेत. घरटी नळ. मग विहिरीचं काय घेऊन बसायचं?"

"आणि आकारामचे पाय?"

"त्या विहिरीत कुणी काय टाकलं असेल सांगता येत नाही. चुना असेल, फिनेल असेल. वस्तीतल्या लोकांना सवय असते ना..." सर थांबले.

"कसली सवय, सर?"

"तसं नव्हे. तुझ्याबद्दल नाही म्हणत मी. तू वेगळी."

"कसली सवय ते सांगा की."

सरांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. एवढी वर्षं त्या भाकरीखाली हे होतं, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं की नाही, तेव्हा नसेलही. तेव्हाचं खरंच असेल. तिला काहीच ठरवता येईना. जुन्या फोटोंतून एकेक माणूस कुणी कात्रीने कापून काढतंय आणि फोटो मात्र भिंतीवर तसेच आहेत, असं काहीतरी होत होतं. ती उठली. "बुधवारी वस्तीच्या तक्रारीवर प्रांतांसमोर सुनावणी हाय," ती म्हणाली. "मी येणार हाय."

"आहे," सर सवयीने म्हणाले.

"हाय!" ती इतक्या जोरात म्हणाली की आतून स्वयंपाकीणबाई डोकावली.

मंगळवारी दुपारी ती गावी गेली. आई, ललिता, विहाराच्या पायरीवर बसून टँकरची वाट बघत होती, बाकीच्या बायकांबरोबर, घागरींच्या रांगेशेजारी. लांब जोतिबाचा डोंगर उन्हात विरघळल्यासारखा दिसत होता. आई म्हणाली, "उदयसिंहांची मानसं येऊन गेली. नळ देतो म्हनालीत. निम्मी वस्ती तयार हाय."

"आणि तू?"

"मला नळ पायजे की. कुनाला नको? पन इहिरीतलं इख तसंच ठेवून नळ कशाला? उद्या शेतात जाईल, परवा गावाच्या इहिरीत. तवा मातूर सगळी बोंबलत सुटतील." मग घागर पुढे सरकवत म्हणाली, "तुझा सर चांगला हाय म्हनायचीस तू."

"होता."

"मानूस असा एकाएकी होता हुईत न्हाय ग."

संघप्रिया चिडली. "मग काय म्हणायचंय तुला? आधीपासून वाईट होता? मला कळलं नाही? मी येडी हाय?"

"मी काय बी म्हनत न्हाय. आरडू नगंस. बाया बघायल्यात." चुलत्याच्या घरात आकाराम खाटेवर पडून होता, पाय उशीवर ठेवून. ती आत गेली तशी तो उठायला धडपडला. "आक्का, माझ्यामुळं तुझं आन सरांचं वाकडं आलं व्हय?" त्याने विचारलं. तिला त्याचाही राग आला, त्या विचारण्याचा, त्या 'माझ्यामुळं'चा. पाय याचे सोलले आणि ओशाळाही हाच होतोय. "गप पड," ती म्हणाली आणि त्याच्या उशाशी बसून राहिली.

हातकणंगल्याच्या तहसील कचेरीत बुधवारी खोली भरून लोक आले होते. प्रांताधिकारी एक तरुण बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. उदयसिंह पांढरेफेक कपडे घालून पहिल्या खुर्चीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत. संघप्रियाला पाहून उठले. "या ताई. आपन काय परकं हाय का? बसून मिटवू की." सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बोलायला उभे राहिले आणि खोली शांत झाली. त्यांचं बोलणं तिने हजार वेळा ऐकलं होतं आणि तरी ते तितकंच सुंदर होतं. लाव्हाचे थर, त्यांच्यातून हिंडणारं गरम पाणी, लाखो वर्षांची सबुरी. लोक माना डोलवत होते. वस्तीतले लोकसुद्धा. ते ऐकताना तिला दिसलं की यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. फक्त ते या विहिरीला लावणं खोटं आहे. खोटं बोलायला सरांना एकही खोटं वाक्य लागलं नव्हतं. तिचे दात एकमेकांवर घासले.

तिची पाळी आली तेव्हा ती प्रांतांच्या टेबलाजवळ गेली आणि पाण्याचा पेला पुढे ओढला. पिशवीतून दगड काढला, सुरीच्या टोकाने त्यातल्या सुया पेल्यात पाडल्या. पांढऱ्या, केसासारख्या. दुसऱ्या पेल्यात तिने तालुक्यातल्याच एका जुन्या खाणीतल्या दगडातले झिओलाइटचे स्फटिक टाकले. "मॅडम, दोन्ही ढवळत राहा," ती म्हणाली. प्रांतबाईंनी भुवया उंचावल्या, पण चमचा घेतला. मग ती बोलली. पोकळ्या, भेग, तिच्या दोन्ही अंगांचा पांढरा पट्टा, भेगेची दिशा कारखान्याच्या माळाकडे. तिने प्रमाण भाषेत सुरुवात केली आणि मधेच कुठेतरी ती सुटली. "सरांनी सांगितलं ते समदं खरं हाय, पण ते जुन्या दगडाचं. ह्या इहिरीतलं न्हाय," असं ती म्हणत होती, आणि मागून कुणीतरी "आता कसं!" म्हणालं. उदयसिंहांचे वकील दोनदा उठले, दोनदा बसले. सरांनी एकदाच विचारलं, थेट तिच्याकडे बघत, "संघप्रिया, गरम द्रावणांनी दगड बदलतो असं तुझ्याच प्रबंधात आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग पेल्यात बघा, सर."

प्रांतबाईंनी चमचा बाजूला ठेवला. एका पेल्यात स्फटिक तळाला चमकत होते. दुसऱ्या पेल्यात नुसतं पाणी होतं. "ज्या सुया इथं आपण बोलेस्तोवर टिकल्या न्हाईत," ती म्हणाली, "त्या पाझरत्या इहिरीत लाखो वर्षं कशा टिकतील? त्या आत्ता तयार झाल्यात. अजून होताहेत." मागच्या खिडकीतून पोरं पेला बघायला एकमेकांवर चढली होती. प्रांतबाईंनी पेला उचलला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला आणि शिपायाला गाडी काढायला सांगितली.

कारखान्याच्या मागे, विहिरीतल्या भेगेच्या रेषेतच, नाकारलेल्या पत्र्यांची थप्पी होती. ती हलवायला हमाल नाहीत, असं मॅनेजर सांगू लागला, तेव्हा वस्तीतल्या लोकांनीच ती हलवली. खाली बंद पडलेली बोअर होती, तोंडावर लोखंडी झाकण, आणि टाक्यांकडून आलेला रबरी पाइप झाकणाच्या भोकात गेलेला. झाकण निघालं तसा वाफेचा लोट वर आला, घशात कात्री फिरावी असा. सगळे मागे सरले. उदयसिंह कुणालातरी फोन लावत बाजूला गेले. प्रांतबाईंनी तोंडाला पदर लावून पंचनामा सांगायला सुरुवात केली, आणि मधेच थांबून तिला विचारलं, "हे बंद केलं की पाणी सुधारेल?" "पाणी सुधारेल, काही वर्षांनी," संघप्रिया म्हणाली. "दगड नाही सुधारणार." आई थोडी लांब, कुंपणाजवळ उभी होती. तिने काही ऐकलं की नाही कोण जाणे. ती बोअरकडे बघत होती, बिळाकडे बघावं तशी.

तेव्हा सर लोकांमधून पुढे आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण पाठ ताठ होती. "शाब्बास," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग प्रांतबाईंकडे वळून, "पुराव्यापुढे मी मान तुकवतो. शास्त्रात हेच असतं. आणि मला आनंद आहे, कारण शेवटी ही माझीच विद्यार्थिनी." त्यांनी हात वर केला, तिच्या डोक्यावर ठेवायला. काही लोक हसले, बऱ्या मनाने. कुणीतरी टाळीही वाजवली. संघप्रियाला वाटलं, हेही नेणार हा माणूस. उरलेलं एवढंही.

ती मागे सरली. सरांचा हात हवेतच राहिला. "व्हय, तुमचीच," ती म्हणाली. "म्हणून तर मला कळलं तुम्ही खोटं बोलताय. तुम्ही जिप्सम म्हणालात, सर. जिप्सम. त्या दिवशी. म्हणा आता हितं, सगळ्यांसमोर." सरांचे ओठ हलल्यासारखे झाले. मग त्यांनी हात खाली घेतला, खिशातून रुमाल काढला, तोंडाला लावला, वाफेमुळे लावावा तसा, आणि वळून आपल्या गाडीकडे चालू लागले.

तिथली जमीन ॲसिडने पोखरलेली होती, वरून नुसता पापुद्रा. दोन-चार पावलांवर सरांचा पाय आत गेला आणि ते झुकले. कुणी हलायच्या आत संघप्रिया त्यांच्याजवळ होती. तिचा उजवा हात त्यांच्या कोपराखाली गेला होता, बरोब्बर जिथे जायचा तिथे, डोंगरउतारांवर, खाणींच्या कडांवर, कितीतरी वर्षं गेला होता तसा. सरांचं सगळं वजन त्या हातावर आलं. ते हलके झाले होते. "सावकाश," सर म्हणाले, जणू तीच पडत होती. तिने त्यांना गाडीपर्यंत नेलं, दार उघडलं, बसवलं, धोतराचा सोगा दारात अडकू नये म्हणून आत सारला आणि दार लावलं. गाडी गेली. मागे वळली तर सगळे तिच्याकडे बघत होते, आणि सगळ्यांत पुढे आई.

"धरलंस त्यास्नी," आई म्हणाली.

"धरलं."

"पडलं असतं."

"पडू द्यायला पायजे होतं!" ती ओरडली. "चांगलं त्या चिखलात तोंडावर पडू द्यायला पायजे होतं!"

"मग धरलंस कशाला?"

घसा वाफेने जळत होता, कान जळत होते, आणि राग उतरायचं नाव घेत नव्हता. तो सरांवर होता, उदयसिंहांवर होता, टाळी वाजवणाऱ्यावर होता, आणि आता आणखी एका जागी होता. वस्तीतल्या लोकांनी बाजूला रचलेल्या पत्र्यांच्या थप्पीवर ती जाऊन बसली. पत्रे उन्हाने तापले होते, साडीतून चटका बसत होता. तिने आपला उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर सगळा भार टाकून तशीच बसून राहिली.